समुद्र काढायला गेलो आणि चौदाही चित्रांत तापी आली. कुठे चुकतंय?

बोरीकाठचा मास्तर

रामराम मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतो. वर्गातही माझं असंच होतं.

मी अमळनेर तालुक्यात चित्रकला शिक्षक आहे, २६ वर्षं झाली. शाळा सुटल्यावर स्वतःसाठी जलरंगात निसर्गचित्रं करतो. सगळं काम आमच्याच नद्यांच्या काठचं. बोरी म्हणजे वर्षातले बरेच महिने नुसती वाळू, म्हणून पाणी रंगवायचं असलं की मुडावदला कपिलेश्वरापाशी जातो. तिथे पांझरा तापीला मिळते. केळीचे बाग, कापसाची काळी रानं, मे महिन्यात पांढरं पडलेलं आकाश आणि लांब उत्तरेला सातपुडा. एवढ्यावर हात बसला आणि त्याबद्दल तक्रार काही नाही.

भानगड पोरांमुळे झाली. निसर्गदृश्य काढा म्हटलं की दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली पाणी, पाण्यात शिडाची होडी आणि काठाला नारळाचं झाड. ज्याच्या घरामागे केळीचा बाग आहे तोही नारळच काढतो. मी दरवर्षी ओरडतो, अरे बाबा, नारळ पाहिलाय कुठे तू? यंदा सातवीतल्या एकाने उलट विचारलं, ‘सर, तुम्ही पाह्यला का समुद्र?’ माझा समुद्र म्हणजे मुंबईला कामानिमित्त गेलो होतो तेव्हा गिरगाव चौपाटीवर भेळ खाल्ली, तेवढाच. गप्प बसलो.

म्हणून या दिवाळीत दापोलीकडे गेलो. हर्णै, मुरूड, आंजर्ले. पाच दिवस, चौदा कागद. आता तक्रारी ऐका.

पहिली, कागद वाळेना. आमच्याकडे एप्रिलात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, ब्रशच्या पाठोपाठ वाळत येतो. आकाश घालताना उजव्या कोपऱ्यात पोचेपर्यंत डावीकडे कड धरलेली असते. म्हणून हात भरभर आणि पाणी भरपूर, ही माझी सवय. हर्णैला तीच नडली. अर्धा तास झाला तरी कागद गारगार. वर दुसरा रंग टेकवला की त्याची फुलकोबी व्हायची. पहिल्या दिवसाचे तीन कागद असे फुलकोबीतच गेले.

दुसरी, सामान गेलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला पाण्यापासून चांगला पंधरा पावलं लांब स्टूल मांडून बसलो होतो. साडेबाराला चहाला उठलो, टपरीवाल्याशी गप्पांत तासभर गेला. परत येऊन बघतो तर स्टूल पाण्यात आडवं, बोर्ड तरंगतोय आणि पॅलेट गायब. १८ वर्षं वापरलेला पत्र्याचा पॅलेट. त्याच्या खाचांमध्ये वाळलेल्या यलो ओकरवर माझं प्रेम होतं, हे तो गेल्यावर कळलं.

तिसरी तक्रार मुख्य. परत आल्यावर चित्रं स्टाफरूममध्ये मांडली. भुसावळकडचे एक सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘वा, हतनूरचा बॅकवॉटर का?’ म्हणजे आमच्याच तापीवरच्या धरणाचं पाणी. चेष्टा केली म्हणावं तर चेहरा सरळ होता.

पोरांना मी शिकवतो की १८७२ साली फ्रेंच चित्रकार मोनेने ल हाव्र बंदरातली सकाळ रंगवली आणि त्या चित्राच्या नावावरून इम्प्रेशनिझम या चळवळीचं नाव पडलं. टर्नर, कूर्बे, होमर, सगळे समुद्राकडे ओढले गेले. मग हे लोक तिथे बघत होते तरी काय? की समुद्रावर जन्म काढल्याशिवाय तो हातात येतच नाही? चौदातल्या त्यातल्या त्यात बऱ्या सहा चित्रांचे फोटो खाली टाकतोय. मोकळेपणाने बोला, मला सवय आहे. मी पण पोरांना तसंच बोलतो.

पुळणवाला

सर, मी गुहागरचा. जलरंग करतो, बागायतीतून वेळ मिळेल तसा.

आधी पॅलेटचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिथी तृतीया. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला पाऊणकीचा पाढा लागतो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला पाणी पुरं भरणार होतं आणि तुम्ही साडेअकराला, पाणी चढत असताना, जाऊन बसलात. त्यात अमावास्या नुकतीच झालेली, उधाणाची भरती. पंधरा पावलं म्हणजे काहीच नाही. अष्टमीला या, आठ पाऊणे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भर दुपारी ओहोटी. भांगाचं पाणी असतं, फार पुढेमागे होत नाही, निवांत बसता येतं. वाईट वाटून घेऊ नका. मोनेचंही असंच झालं होतं. १८८५ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर एत्रताच्या कड्याखाली रंगवत बसला होता, भरतीचा अंदाज चुकला, लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि चित्र, चित्राची घोडी, रंग सगळं ओढून नेलं. तुमचा पॅलेट चांगल्या संगतीत गेला म्हणायचा.

आता चित्रं. सहाच्या सहा फोटो मोठे करून पाहिले. ओल्या वाळूतला उजेड दोन ठिकाणी खरंच छान पकडलाय. पण एक विचारतो. प्रत्येक चित्रात क्षितिजावर एक बारीक जांभळी पट्टी आहे, मधे किंचित उंच, कडेला उतरती. ती कशाची? हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो हे खरं, पण तो एका जागी, आणि तो असा लांबलचक नाही. आंजर्ल्याच्या चित्रातही तीच पट्टी. मी तिथे शंभर वेळा बसलोय, तिथे समोर काहीच नाही.

मला वाटतं तो तुमचा सातपुडा आहे.

तुमच्या हाताला पाणी म्हणजे समोरचा काठ, काठामागे डोंगर. पाणी संपतं कुठे हे डोळ्याला कळल्याशिवाय हात थांबत नाही. भुसावळचे सर बरोबर बोलले. हतनूरचं पाणी आणि आमचं पाणी यात फरक तेवढाच आहे, आमच्या पाण्याला पलीकडचा काठ नाही.

क्षितिज कसं करायचं ते सांगतो. रेघ पट्टीने आखल्यासारखी सपाट, केसभर तिरकी झाली तरी पाणी सांडल्यासारखं दिसतं. पण कड सगळीकडे सारखी नको, कुठे धारदार, कुठे आकाशात विरलेली. आकाश पूर्ण वाळू द्या, मगच समुद्राचा पहिला वॉश. दमट हवेत बोटाच्या मागच्या बाजूने कागद चाचपायचा, गार लागला तर थांबायचं. पाणी कमी घ्या. तुम्ही अल्ट्रामरीनचं तळं करून ठेवता, ते जळगावला वाळतं, इथे नाही वाळत.

दुसरं उजेडाचं. आमचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी, पाणी हिरवट-निळं आणि सपाट दिसतं. दुपारनंतर सूर्य समोर येतो, रंग जातो आणि नुसती चकाकी उरते. तेव्हा दोनच रंग पुरतात, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, त्यांच्या राखाडीत सगळं भागतं. चकाकी मागाहून पांढरा लावून येत नाही. खरखरीत कागदावर ब्रश आडवा धरून कोरडाच ओढायचा, कागदाचे उंचवटे पांढरे राहतात. तुमची सहाही चित्रं सकाळची दिसतात. जेवून झोपत होतात की काय?

आणि लाट. पहिला तासभर ब्रश काढूच नका. एक खडक धरा. लाट वेगळी असली तरी त्या खडकापाशी ती साधारण त्याच जागी उभी राहते, त्याच जागी फुटते. उभी राहिली की वरच्या पातळ कडेतून उजेड आरपार येतो, तिथे पिवळसर हिरवा. खाली बुडाशी गडद. फुटल्यावर फेस पांढरा दिसतो खरा, पण त्याच्या सावलीच्या बाजूला आकाशाचाच करडा निळा असतो. विन्स्लो होमर १८८३ साली अमेरिकेतल्या मेनमधल्या प्राउट्स नेक नावाच्या खडकाळ टोकावर राहायला गेला आणि पुढे शेवटपर्यंत तेच खडक, तेच पाणी रंगवत राहिला. तुम्ही पाच दिवसांत तीन गावं केलीत.

बोरीकाठचा मास्तर

पुळणवाले, तुमचा निरोप वाचून चौदाही कागद बाहेर काढले. पट्टी चौदापैकी अकरा चित्रांत आहे. उरलेली तीन म्हणजे फुलकोबीवाली, त्यात काहीच दिसत नाही. आणि ती जागेवर रंगवताना मला दिसत होती हो! कोबाल्टमध्ये किंचित क्रिमसन टाकून मी ती लावत होतो, हे आठवतंय. समोर आहे की नाही हे बघायचं मात्र सुचलं नाही.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, चष्म्याचा नंबर काढून घ्या.

दुपारी झोपत होतो हे खरं आहे. माशाचं जेवण अंगावर येतं, सवय नाही.

गाववाला_चोपडा

सर राग मानू नका, पण कशाला हा उपद्व्याप? आपली तापी काय वाईट आहे? पावसाळ्यात दुथडी भरते तेव्हा समुद्रच असतो तो. कोकणातल्यांनी कोकण काढावं, आपण आपलं काढावं. नारळाचं झाड काढणाऱ्या पोरांना ओरडायचं आणि आपण जाऊन तेच करायचं, हे काही पटत नाही.

वाघूरपल्याड

चोपड्याच्या दादांशी मी सहमत नाही. जळगावला कलेचा इतिहास शिकवते, म्हणून थोडं बोलते.

‘आपण आपलं काढावं’ हे आपल्या भागातल्या सगळ्यात जुन्या चित्रकारांनीच मानलेलं नाही. अजिंठा जळगावपासून ६० किलोमीटरच्या आसपास. तिथे २ नंबरच्या लेण्यात जहाज आहे. तीन डोलकाठ्या, शिडं, आणि जहाजात ओळीने रांजण. शूर्पारकच्या, म्हणजे आपल्या सोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या गोष्टीतलं ते जहाज. दीड हजार वर्षांपूर्वी वाघूरच्या दरीत, समुद्रापासून इतक्या आत, कुणीतरी डोंगराच्या पोटात समुद्र रंगवला. त्याने तो स्वतः पाहिला होता की सोपाऱ्याहून आलेल्या व्यापाऱ्यांकडून ऐकला होता, कोण जाणे. सहलीला पोरांना घेऊन गेले की सगळे पद्मपाणीपाशी गर्दी करतात. मी त्यांना आधी जहाजापाशी उभं करते. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं जातात, मग रांजण एकेक करून दिसायला लागतात.

सर, समुद्रावर जन्म काढावा लागतो का, असं तुम्ही विचारलंत. आयवाझोव्स्की काळ्या समुद्राकाठी फिओदोसियाला १८१७ साली जन्मला, आयुष्यभर समुद्र रंगवला, ‘नववी लाट’ त्याची, १८५० ची. जन्म समुद्रावर काढला हे खरं, पण रंगवायचा मात्र स्टुडिओत, आठवणीतून. हलतं पाणी समोर बसून टिपता येत नाही, असं त्याचं मत होतं. उलट बूदँ, मोनेला उघड्यावर रंगवायला नेणारा तो हाच, किनाऱ्यावर बसून आकाशाचे पेस्टल करायचा आणि कडेला तारीख, वेळ, वारा कुठला ते लिहून ठेवायचा. कवी बोदलेअरने १८५९ च्या प्रदर्शनावर लिहिताना त्या टिपणांचं कौतुक केलंय. एक आठवणीवर विसंबला, एक वहीवर. तुम्ही दोन्ही करू शकता. पाठीमागे तिथी, वेळ, वारा लिहा. रंगवा घरी.

आपल्याकडे बघायचं तर जे. जे.चे डीन राहिलेले प्र. अ. धोंड. त्यांचे जलरंगातले समुद्र कुठे प्रत्यक्ष बघायला मिळाले तर सोडू नका. किती मोजक्या वॉशमध्ये काम संपवलंय ते जवळून दिसतं, छापील चित्रात ते मरतं.

आणि एक आपल्या घरचं. चाळीसगावचे केकी मूस. आयुष्याचा मोठा काळ घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, टेबलावर देखावे मांडून छायाचित्रं काढली आणि ती बाहेर जाऊन काढलेली नाहीत हे सांगावं लागायचं. तेव्हा सातपुड्याची पट्टी आली म्हणून फार मनाला लावून घेऊ नका. ती खोडायची की ठेवायची, हे तुम्ही ठरवून करा. आत्ता ती तुम्हाला न विचारता आली, एवढंच वाईट.

गाववाला_चोपडा

ताई, अजिंठ्याचं जहाज माहीत नव्हतं. चार वेळा जाऊन आलोय. माघार.

उधना_पॅसेंजर

रामराम सर. मी मूळचा धरणगावकडचा, २० वर्षांपासून सुरतेला, उधन्यात. पोटासाठी साड्यांवर डिझाइन, रविवारी हौस म्हणून स्केचिंग.

सगळे कोकण कोकण करताहेत. आपली तापी शेवटी जाते कुठे भो? ७२४ किलोमीटर वाहून ती इथे डुमसपाशी समुद्रात पडते. अमळनेर स्टेशनात सुरतेची गाडी धरा, नंदुरबार, नवापूर करत दुपारपर्यंत सुरत. निम्मा डबा अहिराणीच बोलत असतो, घर सोडल्यासारखं वाटतच नाही.

डुमसची वाळू काळी आहे. पाणी निळं नाही, मातकट. फोटो काढणारे नाक मुरडतात. पण तुमचे रंग मी बघितले, ओकर, बर्न्ट सिएना, अंबर. तुम्हाला इथे नवा पॅलेट घ्यायची गरज नाही. एक सांगतो, इथे त्या गुहागरच्या दादांची पाऊणकी चालत नाही. आम्ही खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, इथे भरती मुंबईपेक्षा उशिरा येते आणि चढउतारही पुष्कळ मोठा. आखातात आणखी आत गेलं की तो देशात सगळ्यात मोठा. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र गेला कुठे असं वाटतं, मागे नुसता ओला चिखल आणि त्यात आकाश. त्या चिखलात उतरायचं मात्र नाही, पाय अडकतो.

माझे आजोबा म्हणायचे, खान्देशातली काळी माती वाहून डुमसला जाते. १९७२ ला उकई धरण पुरं झालं, आता बराचसा गाळ तिथेच बसत असणार. पण म्हातारा ऐकायचा नाही. इथे आला की वाळू हातात घेऊन म्हणायचा, ही आपलीच.

या सर. टोमॅटोची भजी खाऊ, डुमसची फेमस आहेत.

बोरीकाठचा मास्तर

मंडळी, उशीर झाला, मधे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या पोरांचा सराव होता.

जाऊन आलो. मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी धरली, बहिणीचा मुलगा लिंबायतला राहतो, त्याच्याकडे मुक्काम. रविवारी सकाळी उधनावाले भाऊ भेटायला आले, त्यांच्या स्कूटरवर मागे बोर्ड धरून बसलो. भरतीची वेळ त्यांनीच काढून ठेवली होती, त्यामुळे या खेपेला सामान शाबूत.

पहिला तास ब्रश काढला नाही. पुळणवाले, शब्द पाळला. खडक नव्हता, म्हणून चिखलात रुतलेली एक जुनी होडी धरली. पाणी परतत होतं. होडीपासून पाण्यापर्यंत चिखलाचा एक लांब पट्टा उघडा पडत गेला आणि त्यावर आधी वितभर, मग हातभर, मग सगळाच उजेड. काळ्या रानात पहिला पाऊस पडून गेल्यावर सरीत पाणी साचतं ना, अगदी तसा. तो रंग माझ्या हाताला ठाऊक होता. अंबर आणि अल्ट्रामरीन, वर काही नाही. क्षितिजापाशी आलो आणि हात थांबला. खरं सांगतो, ब्रश जांभळ्याकडे गेला होता. मागे घेतला, आकाश आणि पाणी एकमेकांत सोडून दिलं. आधी फार अवघडल्यासारखं वाटलं, पायरी चुकल्यावर वाटतं तसं.

चार कागद केले. तीन बिनपट्टीचे. चौथ्यात ठरवून सातपुडा घातला, चांगला ठळक. ताई, तो तुमच्या सांगण्यावरून. प्रत्येकाच्या मागे तिथी, वेळ आणि वारा लिहिलाय. वारा कुठला ते उधनावाल्या भाऊंना विचारून, मला दिशा कळत नव्हती. बायकोसाठी भजी बांधून आणली होती, नंदुरबार येईपर्यंत मऊ पडली.

सोमवारी बिनपट्टीचं एक चित्र वर्गात फळ्याला टेकवून ठेवलं आणि काहीच बोललो नाही. नारळवाला पोरगा म्हणाला, समुद्र. मी मनात म्हटलं, चला. तेवढ्यात मागच्या बाकावरची पोरगी उठून जवळ आली, नाक कागदाला लागेल इतकी, आणि मला हळूच म्हणाली, ‘सर, पल्याडना काठ काढाना ऱ्हाई गया.’

फोटो उद्या टाकतो, घरी दिवे नाहीत.